आपलीच मेख उपटणारा लोहार

१९७० साली अमेरिकेत गिर्यारोहणाची लोखंडी साधनं विकणारी सर्वांत मोठी कंपनी होती ‘शुइनार्ड इक्विपमेंट’. तिच्या धंद्यातला जवळपास ७० टक्के वाटा एकाच वस्तूचा होता: खडकाच्या भेगेत हातोडीनं ठोकायची पोलादी मेख, म्हणजे पिटॉन. त्या सुमारास कंपनीचा मालक इव्हॉन शुइनार्ड कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन कड्यावरचा ‘नोज’ हा मार्ग चढून घरी परतला, तो विटून. सुमारे तीन हजार फुटांची ती ग्रॅनाइटची भिंत काही उन्हाळ्यांपूर्वी त्यानं जवळजवळ अस्पर्श पाहिली होती. आता तिच्या भेगांच्या कडा तुटल्या होत्या, जागोजागी कपच्या उडून खड्डे पडले होते. हे खड्डे मेखांचे होते, आणि मेखा घडवून विकणं हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता.

शुइनार्ड आणि त्याचा भागीदार टॉम फ्रॉस्ट यांनी ठरवलं, मेखांचा धंदा आवरता घ्यायचा.

याच माणसानं पुढे काढलेली ‘पॅटागोनिया’ ही कपड्यांची कंपनी आज जगाला ठाऊक आहे ती तिच्या देणग्यांसाठी, राष्ट्राध्यक्षांवर भरलेल्या खटल्यासाठी आणि २०२२ साली मालकानं सबंध कंपनीच निसर्गरक्षणासाठी देऊन टाकली म्हणून. या सगळ्याचं मोल मी कमी मानत नाही. पण कंपनीचा इतिहास वाचताना सारखं जाणवतं, की देणगी देणं हा त्यातला सोपा भाग होता. आपला माल काय नासतो आहे हे डोळे उघडे ठेवून पाहायचं आणि मग चालता धंदा मोडायला तयार व्हायचं, हे अवघड होतं. ते काम या माणसांनी दोनदा केलं: एकदा खडकासाठी, एकदा कापसासाठी.

शुइनार्डचा जन्म १९३८ सालचा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातला. घर फ्रेंच-कॅनेडियन, वडील हरहुन्नरी कारागीर. कुटुंब कॅलिफोर्नियात बरबँकला आलं. पोरगा शाळेत रमला नाही, ससाणे पाळून त्यांना शिकवणाऱ्यांच्या मंडळात रमला. ससाण्यांची घरटी कड्यांच्या कपारीत असतात. तिथवर पोचायला वरून दोरावर उतरावं लागे. उतरता उतरता चढायचा नाद लागला. १९५७ साली त्यानं भंगाराच्या वखारीतून कोळशाची जुनी भट्टी, ऐरण, सांडश्या आणि हातोडे आणले, घरामागच्या परसात मांडले आणि लोहारकाम स्वतःच शिकायला घेतलं.

त्या काळी युरोपातून येणाऱ्या मेखा मऊ लोखंडाच्या असत. एकदा ठोकली की ती खडकातच सोडून पुढे जायचं. योसेमिटीचे कडे चढायला कित्येक दिवस आणि शेकडो मेखा लागत, तिथे ही चैन परवडणारी नव्हती. जॉन सालाथे नावाच्या एका स्विस आरोहकानं जुन्या फोर्ड गाड्यांच्या आसांपासून कठीण मेखा बनवल्या होत्या, हे शुइनार्डला माहीत होतं. त्यानं आपल्या पहिल्या मेखा कापणीयंत्राच्या टाकाऊ पात्यातून घडवल्या. पुढे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद वापरलं. तासाला दोन मेखा होत. युरोपची मेख वीस सेंटला मिळे, याची दीड डॉलरला, तरी चढणारे याचीच मागत, कारण ती काढून पुन्हा ठोकता येई. मोटारीच्या मागच्या बाजूला माल टाकून तो कड्याकड्यांवर विकत हिंडे आणि दिवसाला डॉलरभरही खर्च न करता राही. एका उन्हाळ्यात तर पोचे पडलेल्या डब्यांतलं मांजरांचं खाद्य स्वस्तात आणून त्यावर दिवस काढले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ही कठीण मेख डोंगरात लोखंडाचा कचरा राहू नये या विचारातूनही आली होती. चढणाऱ्यानं ठोकायची, मागून येणाऱ्यानं दोन्ही बाजूंनी हातोडीचे घाव घालत सैल करून काढायची. कड्यावर मोजकीच माणसं होती तोवर कुणाला काही खटकलं नाही. साठच्या दशकाच्या शेवटी चढणाऱ्यांची संख्या वाढली, लोकप्रिय मार्गांवर तीच भेग शेकडो वेळा ठोकली आणि उचकटली जाऊ लागली, आणि लाखो वर्षांची भेग दहा वर्षांत विद्रूप झाली. चांगल्या हेतूनं केलेल्या वस्तूनंच घात केला होता, आणि अशा वेळी हेतूकडे बोट दाखवून मोकळं होणं फार सोपं असतं.

पर्याय ब्रिटनमध्ये होता. वेल्समधले आरोहक रेल्वेरुळांच्या कडेला सापडलेले नट खिशात टाकत, त्यांत दोरीचा तुकडा ओवत आणि भेग जिथे निमुळती होते तिथे ते हातानं अडकवत. हातोडी नाही, घाव नाही. रॉयल रॉबिन्स या अमेरिकन आरोहकानं तिथे हे पाहिलं आणि १९६७ साली योसेमिटीत नटांच्याच आधारानं एक नवा मार्ग चढून दाखवला. त्याचं नाव पडलं ‘नटक्रॅकर’. तरीही बहुतेक अमेरिकनांचा या अडकवलेल्या तुकड्यांवर जीव टांगायला विश्वास नव्हता. शुइनार्ड आणि फ्रॉस्ट यांनी ॲल्युमिनियमचे खास आकार घडवले: पाचरीसारखा ‘स्टॉपर’ आणि षट्कोनी ‘हेक्सेंट्रिक’. सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्यांच्या कमरेच्या पट्ट्याला आज जे चॉक, म्हणजे भेगेत अडकवायचे धातूचे तुकडे, लटकलेले दिसतात, त्यांच्यातल्या अनेकांचं कूळ हेच.

१९७२ साली कंपनीचा कॅटलॉग निघाला. त्याच्या सुरुवातीलाच मालकांनी मेखांनी चाललेल्या नासाडीबद्दल लिहिलं होतं, आणि पुढे डग रॉबिन्सन या आरोहकाचा चौदा पानांचा लेख होता: चॉक कसा निवडायचा, कसा बसवायचा, कुठे फसेल, आणि खडकावर खूण न ठेवता चढण्यात काय समाधान आहे. मालाची यादी म्हणून ग्राहकाच्या हाती दिलेल्या पुस्तिकेत मालकानं आपल्याच सर्वांत खपाच्या वस्तूविरुद्ध बाजू मांडली होती. नुसता उपदेश असता तर तो वाया गेला असता. तिथे कसब शिकवलं होतं, म्हणून ते लोकांना पटलं. काही महिन्यांत मेखांची मागणी ओसरली आणि चॉक हवे तितके बनवणं कारखान्याला जमेना. शंका घेणाऱ्यांसाठी शुइनार्ड आणि ब्रूस कार्सन हे दोघं हातोडी आणि मेखा बरोबर न घेता ‘नोज’ चढून आले.

कपड्यांकडे कंपनी वळली ती जवळजवळ योगायोगानं. १९७० च्या हिवाळ्यात स्कॉटलंडला चढाईसाठी गेलेल्या शुइनार्डनं रग्बीच्या खेळाडूंचा जाड सुती शर्ट विकत घेतला. त्याची कॉलर भक्कम असल्यानं गळ्यातल्या साधनांच्या पट्ट्या काचत नसत. मित्रांनी तो मागितला, मागणी वाढली, आणि हत्यारांच्या जेमतेम नफ्याला कपड्यांचा टेकू मिळाला. १९७३ साली कपड्यांना वेगळं नाव दिलं: पॅटागोनिया. त्यामागे १९६८ चा प्रवास होता. शुइनार्ड, डग टॉम्पकिन्स आणि आणखी तीन मित्र गाडीनं कॅलिफोर्नियाहून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेले होते, बर्फाच्या गुहेत आठवड्यामागून आठवडे अडकून शेवटी फिट्झ रॉय शिखर चढले होते. कंपनीच्या बिल्ल्यावर आजही त्याच शिखरांची रेघ आहे.

आता चळवळीकडे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वेंचुरा या गावात कंपनीचं बिऱ्हाड होतं, पत्र्याच्या शेडमध्ये. जवळूनच वेंचुरा नदी समुद्राला मिळते. एके काळी हजारो स्टीलहेड ट्राउट मासे समुद्रातून या नदीत अंडी घालायला चढत. चाळीस आणि पन्नासच्या दशकांत वर धरणं झाली, पाणी वळवलं गेलं, आणि पावसाळा सोडला तर मुखाशी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून सुटलेलं पाणी तेवढं वाहू लागलं. सत्तरच्या दशकाच्या आरंभी नदीचं मुख बांधून काढून तिथे इमारती उभ्या करायची योजना नगरपालिकेपुढे आली. शुइनार्ड आणि मित्र सभेला गेले ते मुख्यतः लाटांवर खेळायची आपली जागा जाईल या धास्तीनं. तज्ज्ञांनी सांगितलं, नदी मेलेली आहे, नुकसान कसलंच नाही.

मग मार्क कॅपेली नावाचा पंचविशीतला जीवशास्त्राचा विद्यार्थी उठला आणि त्यानं स्वतः काढलेल्या पारदर्शिका दाखवायला सुरुवात केली. नदीकाठच्या विलो झाडांवरचे पक्षी, पाणसाप, मस्करॅट, ईल मासे. आणि नंतर स्टीलहेडचं पिल्लू, समुद्राकडे निघालेलं. मेलेल्या म्हटलेल्या नदीत अजून पन्नासेक स्टीलहेड येत होते. सभागृह उभं राहून जल्लोष करू लागलं. योजना बारगळली.

कंपनीनं कॅपेलीला कचेरीत एक टेबल दिलं, टपालासाठी पेटी दिली, थोडे पैसे दिले. बस्स, एवढंच. पण शुइनार्डनं त्या सभेतून घेतलेला धडा पुढची पन्नास वर्षं टिकला: एखाद्या ठिकाणची खडान्‌खडा माहिती असलेला आणि हटून बसलेला एक माणूस निष्णात सल्लागारांच्या फौजेला भारी पडतो, आणि त्याला लागतं ते फार थोडं. म्हणूनच पॅटागोनियाच्या देणग्या मोठ्या नावाजलेल्या संस्थांपेक्षा एखादी नदी, एखादं जंगल किंवा एखादा किनारा धरून बसलेल्या छोट्या गटांकडे गेल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून कंपनी नफ्याचा दहावा हिस्सा देऊ लागली. पुढे नियम कडक झाला: विक्रीच्या एक टक्का किंवा नफ्याच्या दहा टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. विक्रीवरचा टक्का ही यातली कठीण बाजू आहे. नफा हिशेबात कमी दाखवता येतो, विक्री लपत नाही. तोट्याच्या वर्षीही पैसे द्यावेच लागतात. २००२ साली मासेमारीची साधनं विकणाऱ्या क्रेग मॅथ्यूज यांच्यासोबत शुइनार्डनं हाच नियम इतर व्यवसायांसाठी खुला केला, ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ या नावानं.

धंदा फुगत होता, आणि फुगण्याची शिक्षाही मिळाली. १९९१ च्या मंदीत बँकेनं हात आखडला आणि ३१ जुलैला कंपनीनं १२० माणसांना, म्हणजे दर पाचातल्या एकाला, कामावरून काढलं. शुइनार्ड आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन अर्जेंटिनातल्या पॅटागोनिया प्रदेशाच्या डोंगरांत चालत फिरला, आपण हा उद्योग मुळात का करतो यावर बोलत. असं चालणं घरी पाठवलेल्यांच्या काही कामाचं नव्हतं, हे म्हटलंच पाहिजे. पण त्यानंतर कंपनीनं वाढीचा वेग मुद्दाम रोखून धरला, आणि पुढचा मोठा निर्णय घ्यायची ताकद त्यातूनच आली.

तो निर्णय कापसाचा. १९८८ साली बोस्टनला नवं दुकान उघडलं आणि दोन-तीन दिवसांत तिथल्या कर्मचाऱ्यांची डोकी दुखू लागली. तपासात कळलं, हवा खेळती नव्हती, आणि तळघरात रचलेल्या सुती कपड्यांतून फॉर्माल्डिहाइड सुटत होतं. कापड आटू नये, चुरगळू नये म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात त्यातलं हे रसायन. पंखे दुरुस्त करून प्रकरण मिटवता आलं असतं. त्यांनी पंखे तर दुरुस्त केलेच, पण आपण विकतो त्या कापडात आणखी काय काय आहे असाही प्रश्न विचारला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कापूस, लोकर, पॉलिएस्टर आणि नायलॉन या चार धाग्यांची जन्मापासूनची तपासणी करवली. तेलापासून बनणारा धागाच दोषी निघणार असा सर्वांचा कयास होता. कापूसही त्याच रांगेत, काही बाबतींत त्याहून वाईट निघाला: ज्याला सगळे निर्मळ आणि नैसर्गिक समजत, तो कीटकनाशकांनी आणि पानगळ करवणाऱ्या रसायनांनी माखलेला.

विषाची ही गोष्ट मराठी वाचकाला परक्या मुलखातली वाटू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शुइनार्डच्या माणसांनी कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात जे पाहिलं त्याचं दुसरं टोक इथे होतं.

कंपनीनं कर्मचाऱ्यांना बसमध्ये बसवून त्या खोऱ्यात नेलं. अहवाल वाचून हललं नसतं ते शेतांवरच्या वासानं हललं. १९९४ साली ठरलं: १९९६ पर्यंत आपला एकूण एक सुती कपडा सेंद्रिय कापसाचा असेल, नाहीतर सुती कपडे विकायचेच नाहीत. हाती अठरा महिने होते. बाजारात सेंद्रिय कापूस मूठभर. दलालांकडे तो मिळत नव्हता, म्हणून थेट शेतकऱ्यांकडे जावं लागलं. थोड्याशा मालासाठी सरकी काढणाऱ्यांना आणि सूतगिरण्यांना यंत्रं आधी पूर्ण साफ करायला राजी करावं लागलं. औषध न मारलेल्या कापसावर माव्याचा चिकटा असे, तो यंत्रांत अडके; थायलंडमधल्या एका सूतगिरणीनं कातण्याआधी कापूस गोठवून तो प्रश्न सोडवला. न परवडणारे, न जमणारे कपडे यादीतून गळाले. ठरल्या वर्षी बदल पुरा झाला आणि त्यानंतर कंपनी साध्या कापसाकडे परतली नाही. माझ्या लेखी पॅटागोनियाच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं काम आहे, कुठल्याही जाहिरातीपेक्षा आणि खटल्यापेक्षा मोठं. पुढे २०१८ मध्ये जमिनीचा कस वाढवणाऱ्या सेंद्रिय कापूसशेतीचा प्रयोग तिनं सुरू केला, तो भारतातल्याच दीडशेहून अधिक शेतकऱ्यांबरोबर.

सगळंच असं सरळ जुळलं नाही. १९९३ मध्ये वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून उबदार फ्लीस बनवून कंपनीनं वाहवा मिळवली. वीसेक वर्षांनी तिच्याच पैशानं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी अभ्यास केला आणि दाखवून दिलं, की असं जाकीट धुताना दर वेळी सरासरी १.७ ग्रॅम सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर निघून जातात. त्यांतले काही नद्यांत आणि समुद्रात पोचतात. यावर पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही.

२५ नोव्हेंबर २०११ ला, अमेरिकेतल्या खरेदीच्या सर्वांत मोठ्या दिवशी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात आली: हे जाकीट विकत घेऊ नका. खाली हिशेब मांडला होता. एका जाकिटाला १३५ लिटर पाणी लागतं, आणि तयार मालाच्या वजनाच्या चोवीस पट कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या जाहिरातीनंतरही कंपनीची विक्री वाढतच राहिली, यावरून टीका झाली आणि ती रास्त होती. कंपनीनं जुने कपडे दुरुस्त करून देणं आणि वापरलेले परत घेऊन विकणं वाढवलं, पण नवं विकणाऱ्या दुकानाला ही कोंडी सुटत नाही.

रस्त्यावरच्या आणि कोर्टातल्या लढाया आता थोडक्यात. नव्वदच्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियातली जुनी रेडवूडची झाडं वाचवण्यासाठी सत्याग्रह करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांचा जामीन कंपनीनं भरला. निरुपयोगी धरणं पाडण्याची मागणी ती लावून धरत आली. मेनमधलं एडवर्ड्‌स धरण १९९९ मध्ये पडलं, वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये उतरवली गेली. ४ डिसेंबर २०१७ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी युटामधल्या ‘बेअर्स इअर्स’ या संरक्षित प्रदेशाचा सुमारे ८५ टक्के भाग वगळला, तेव्हा पॅटागोनियानं काळ्या पडद्यावर लिहिलं, राष्ट्राध्यक्षांनी तुमची जमीन चोरली, आणि इतर संघटनांसह सरकारवर खटला भरला. ती भूमी मुळात होपी, नवाहो, झुनी आणि यूट या आदिवासी जमातींना पवित्र. संरक्षण त्यांनी मागितलं होतं आणि ट्रम्प यांच्या निर्णयाविरुद्ध त्याही कोर्टात गेल्या होत्या. कंपनीचा आवाज मोठा होता म्हणून श्रेय तिचं समजू नये. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी मूळ सीमा परत आणल्या.

सप्टेंबर २०२२ मध्ये शुइनार्ड, पत्नी मालिंडा आणि दोन मुलं यांनी सुमारे ३०० कोटी डॉलर मोलाची कंपनी देऊन टाकली. मतदानाचा हक्क असलेले दोन टक्के समभाग एका विश्वस्त निधीकडे गेले, उरलेले ९८ टक्के ‘होल्डफास्ट कलेक्टिव्ह’ या संस्थेकडे. उद्योगात पुन्हा न गुंतवलेला नफा, वर्षाला अंदाजे दहा कोटी डॉलर, त्या संस्थेमार्फत निसर्गरक्षणाला जावा अशी व्यवस्था झाली. कुटुंबानं जवळपास १ कोटी ७५ लाख डॉलर कर भरला. कंपनी विकली असती तर त्याच्या कितीतरी पट भरावा लागला असता, असं टीकाकारांनी दाखवून दिलं. तेही खरं आहे. पण विकली असती तर नव्या मालकानं कापसाचं काय केलं असतं, हेही विचारायला हवं.

वेंचुरा नदीचं काम अजून बाकी आहे. मुख वाचलं, पण वरच्या माटिलिहा ओढ्यावर चाळीसच्या दशकात बांधलेलं धरण गाळानं भरून कधीच निकामी झालं आहे. स्टीलहेडच्या अंडी घालण्याच्या जागा त्याच्या पलीकडे आहेत. २०११ साली कुणीतरी त्या भिंतीवर भलीमोठी कात्री आणि तुटक रेघ रंगवली: इथून कापा. वेंचुराच्या स्थानिक प्रशासनानं धरण पाडायचं ठरवून पाव शतक उलटून गेलं. गाळ कुठे सोडायचा, खालचे पूल आणि बांध कसे सांभाळायचे आणि पैसा कुणी द्यायचा, यांवर बोलणी चालू राहिली. २०२४ सालीही धरण जागेवरच होतं.